पार्सलमधलं इन्सुलिन आणि कोपऱ्यावरची फार्मसी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर राहणाऱ्या पन्नाशीतल्या एका ताईंनी लिहिलं आहे. यजमान एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत नोकरीला आहेत आणि घरातल्या दोघांचाही आरोग्य विमा त्याच नोकरीतून येतो. यजमानांना इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या, ताईंना थायरॉइडची गोळी. ही औषधं वर्षानुवर्षं घराजवळच्या एका गुजराती भाईंच्या फार्मसीतून यायची. यंदा जानेवारीत विम्याकडून पत्र आलं. रोजची, कायम चालणारी औषधं दुकानातून फक्त दोनदा मिळतील, त्यानंतर ९० दिवसांचा साठा त्यांच्याच मेल ऑर्डर फार्मसीतून मागवायचा. नाहीतर पूर्ण किंमत खिशातून भरायची. जुलैत इन्सुलिनचं पार्सल भर दुपारी पायरीवर पडून राहिलं आणि बर्फाच्या पिशव्या वितळल्या. भाई म्हणतात, ‘न्यूयॉर्कमध्ये अशी सक्ती चालत नाही, राज्याकडे तक्रार करा.’ यजमान म्हणतात, ‘कंपनीत कपात चालू आहे, उगाच आपलं नाव पुढे नको.’ पुण्याचे नातेवाईक म्हणतात, ‘इकडून पाठवतो.’ ताई विचारतात: तक्रार करू की गप्प बसू? आणि इतक्या वर्षांनी भाईंना सोडणं हा कृतघ्नपणा नाही का?

प्रिय ताई,

आधी त्या पार्सलचं बोलू. ‘वाया कशाला घालवायचं म्हणून त्यातलंच एक पेन वापरायला काढलं,’ असं तुम्ही ओघात लिहून गेला आहात. कायदा, कंपनी, भाई, सगळं नंतर. ते पेन आधी बाजूला ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. वापरात काढल्यावर बहुतेक प्रकार साधारण ३० अंशांच्या आत २८ दिवस टिकतात. जुलैच्या उन्हात तापलेल्या पायरीवर किती अंश होते आणि किती तास, ते आपल्याला माहीत नाही. उष्णतेने बिघडलेलं इन्सुलिन दिसायला स्वच्छच राहू शकतं, फक्त नीट काम करत नाही. मग साखर वाढते आणि दोष आपण भाताला देतो. उरलेल्या पेनांचे, वितळलेल्या पिशव्यांचे आणि खोक्यावरच्या लेबलचे फोटो काढा. पाठवणाऱ्या फार्मसीला फोन करून ‘मला फार्मासिस्टशीच बोलायचंय’ असं सांगा आणि बदली पेनं मागा. ती येईपर्यंत स्थानिक दुकानातून थोड्या दिवसांचा साठा विम्यावरच मिळावा म्हणून ‘ओव्हरराइड’, म्हणजे नियमातून तात्पुरती सूट, मागा. हा त्यांच्या रोजच्या कामातला शब्द आहे, फोनवरच्या माणसाला तो लगेच कळतो. डॉक्टरांच्या ऑफिसलाही कळवा, म्हणजे गेल्या काही आठवड्यांतल्या साखरेच्या आकड्यांवरून ते डोस वाढवून बसणार नाहीत.

आता तुमच्या रागाकडे येते. राग रास्त आहे, पण तो कुणावर काढायचा हे एकदा तपासून घेऊ.

तुम्ही पूर्ण पत्रभर ‘इन्शुरन्स कंपनीने सक्ती केली’ असं लिहिलं आहे. कार्डावर विमा कंपनीचं नाव असलं तरी नियम तिनेच केला असेल असं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी विमा विकत घेतच नाहीत. आजारपणाची बिलं त्या स्वतःच्या तिजोरीतून भरतात आणि विमा कंपनीला फक्त कारभार पाहायला नेमतात. याला ‘सेल्फ-फंडेड’ योजना म्हणतात. नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक अशाच योजनांत आहेत. औषधांचा भाग आणखी वेगळ्या हातात असतो. फार्मसी बेनिफिट मॅनेजर, म्हणजे पीबीएम, ही मधली कंपनी कुठलं औषध यादीत, कुठल्या दुकानातून, किती कोपेवर (म्हणजे औषधामागे आपण भरायचा वाटा), ते ठरवते आणि नोकरी देणारी मालक कंपनी त्या आराखड्यावर सही करते. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांकडून देशातली जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शनं जातात, असं फेडरल ट्रेड कमिशनच्या २०२४ च्या अहवालात आहे. आणि या तिघांच्याही छत्राखाली स्वतःच्या मेल ऑर्डर फार्मसी आहेत. म्हणजे औषध कुठून घ्यायचं हे ठरवणारा आणि ते विकणारा एकाच घरातले. यावर या देशात गेली दहा-पंधरा वर्षं भांडण चालू आहे ते उगाच नाही.

म्हणून ग्राहक सेवेच्या मुलीवर तासभर चिडून काही हाती लागलं नाही, असं तुम्ही लिहिता त्याचं मला नवल वाटलं नाही. वॉचमनशी भांडून सोसायटीचा ठराव बदलत नसतो.

भाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि या बाबतीत अर्धं खरं फार महागात पडतं. न्यूयॉर्कने २०११ च्या अखेरीस खरोखरच कायदा केला. विमा योजनेत मेल ऑर्डरने मिळणारं औषध रुग्णाला जवळच्या दुकानातून घ्यायचं असेल तर घेऊ द्यावं आणि त्यासाठी जास्तीचा कोपे लावू नये, असा तो आहे. पण त्याला दोन शेपट्या आहेत. पहिली, त्या दुकानाने मेल ऑर्डरवाल्याचे दर मान्य करायला हवेत. दुसरी अधिक मोठी. हा विम्याचा कायदा आहे, आणि सेल्फ-फंडेड योजना कायद्याच्या नजरेत विमाच नाही. १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याने नोकरीतल्या लाभांच्या योजना केंद्राच्या अखत्यारीत घेतल्या आणि राज्यांना सांगितलं की अशा योजनेला विमा कंपनी मानून तिच्यावर विम्याचे नियम लावायचे नाहीत. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत, एकाच कंपनीचं नाव असलेली दोन कार्डं आणि दोन वेगळे कायदे, असं इथे सर्रास असतं. इन्सुलिनचंच पाहा. न्यूयॉर्कने १ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या नियमांखालच्या विम्यात इन्सुलिनचा कोपे शून्य केला. तुम्ही अजून कोपे भरताय असं लिहिलंय, त्यावरून तुमची योजना सेल्फ-फंडेड असावी असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कागद पाहिल्याशिवाय खात्री नाही.

राज्यांनी हात टेकलेत असंही नाही. पीबीएमने दुकानदाराला किमान किती पैसे द्यावेत यावर आर्कान्सॉने केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, रटलेज खटल्यात, एकमताने उचलून धरला. तेव्हा छोट्या फार्मसीवाल्यांना वाटलं, आता दारं उघडली. पण ओक्लाहोमाने २०१९ मध्ये रुग्णाला दुकान निवडण्याचा हक्क देणारा कायदा केला होता. त्यातल्या दुकानांच्या जाळ्याबद्दलच्या, म्हणजे योजनेत कुठली दुकानं चालतील याबद्दलच्या, तरतुदी एका केंद्रीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये एरिसाचा आधार घेऊन अडवल्या आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्याच वर्षी आर्कान्सॉने तर पीबीएमने फार्मसीची मालकीच ठेवू नये असा कायदा केला. तो लागू होण्याआधीच न्यायालयाने थोपवला. म्हणजे दुकानदाराला काय दर द्यायचा यावर राज्य बोलू शकतं, पण तुम्ही कुठल्या दुकानात जायचं यावर बोलायला गेलं की मालक कंपनीच्या योजनेपाशी अडखळतं. मला हे न्याय्य वाटत नाही. रोज औषध घेणाऱ्या माणसाला सर्वात जास्त फरक नेमका त्या दुसऱ्या गोष्टीने पडतो.

तर तक्रार करायची की नाही, या प्रश्नाआधी एक छोटं काम आहे. यजमानांनी एचआरला दोन ओळींची मेल पाठवायची: ‘आपली औषध योजना सेल्फ-फंडेड आहे का, आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शनची प्रत मिळेल का?’ एवढंच. त्यात मेल ऑर्डरचा उल्लेख नको, जुलैचं रामायण नको. योजनेचे नियम सांगणारा हा दस्तऐवज मागणं हा एरिसाखाली हक्क आहे आणि लेखी मागणीनंतर तो ३० दिवसांत द्यावा लागतो. अनेक कंपन्यांत तो कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवर आधीच असतो, मग मेलचीही गरज नाही.

यजमानांबद्दल तुम्ही जरा कडक लिहिलंय, ताई. ‘यांना स्वतःच्या औषधापेक्षा साहेबाची मर्जी मोठी.’ मला तसं दिसत नाही. दोघांचा विमा ज्या नोकरीवर टांगलेला आहे त्या नोकरीची काळजी करणारा माणूस औषधाचीच काळजी करत असतो. पण त्यांचाही एक समज तपासायला हवा. योजनेखालचा हक्क मागितला म्हणून कर्मचाऱ्याला त्रास देणं एरिसात निषिद्ध आहे. कायदा आहे म्हणून सगळे साहेब साधू होतात असं मी म्हणणार नाही. पण योजनेची माहिती मागणाऱ्या मेल एचआरच्या त्या टेबलावर रोज पडतात आणि त्या बहुधा बाहेरच्या एखाद्या कंत्राटी कंपनीकडेच जातात. ही तक्रार नव्हे. आणि पुढे अपील करायची वेळ आली तर तेही योजनेकडे जातं, यजमानांच्या मॅनेजरकडे नाही.

कागद हातात आला की दोनच वाटा. योजना राज्याच्या नियमांखालची, म्हणजे ‘फुली इन्शुअर्ड’ निघाली, तर भाईंचं म्हणणं पूर्ण खरं. आधी भाईंनी ते दर मान्य केलेत का ते विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि तरी ऐकलं नाही तर न्यूयॉर्कच्या डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेसकडे, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या खात्याकडे, ऑनलाइन तक्रार करा. पीबीएमची नोंदणी आणि परवानेही हल्ली तिथेच असतात. योजना सेल्फ-फंडेड निघाली, तर राज्याकडची तक्रार बहुधा ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शिक्का घेऊन परत येईल आणि यजमान म्हणतील, बघ, मी सांगत होतो. त्यापेक्षा केंद्राच्या कामगार खात्याची एबसा नावाची शाखा आहे, तिथले सल्लागार फोनवर फुकट बोलतात: १-८६६-४४४-३२७२. मालकाला न कळवता नुसता सल्ला विचारता येतो.

पण सेल्फ-फंडेडमध्ये खरं काम कायद्याने होत नाही, अपवादाने होतं. इथे मला तुमचा आणखी एक समज हलवायचा आहे. तुम्ही तिन्ही औषधांना एकाच गाठोड्यात बांधलंय: ‘आम्हाला मेल ऑर्डर नको.’ का नको? रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं त्याच डोसची आहे. तीन महिन्यांच्या गोळ्या टपालाने आल्या तर फेऱ्या वाचतात, कोपेही अनेक योजनांत कमी पडतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्य सेवेची बाह्यरुग्ण औषधं बहुतांश टपालानेच जातात आणि ती व्यवस्था चांगली चालते. मेल ऑर्डर हा प्रकारच वाईट, असं मी म्हणणार नाही. थायरॉइडची गोळीही चालेल, फक्त तिला उष्णता आणि दमट हवा मानवत नाही, तेव्हा उन्हाळ्यात पार्सल पायरीवर राहू देऊ नका.

इन्सुलिनची गोष्ट निराळी आहे. ते नाजूक आहे, त्याचा डोस बदलतो, आणि यजमानांचा डोस वर्षात दोनदा बदलल्याचं तुम्हीच लिहिलंय. ९० दिवसांचा साठा आल्यावर डॉक्टरांनी प्रकार बदलला तर तो साठा कचऱ्यात जातो, आणि पैसे योजनेचेही बुडतात. अपवाद मागताना हाच मुद्दा पुढे करा. डॉक्टरांकडून छोटं पत्र घ्या: डोस अजून स्थिर नाही, औषध थंड ठेवावं लागतं, अमुक तारखेचं पार्सल गरम अवस्थेत पोचलं, म्हणून स्थानिक फार्मसीतून ३० दिवसांचा पुरवठा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक. फोटो जोडा. नकार आला तर तो लेखी मागा. तिथून अपिलाला १८० दिवस असतात. भावनेने लिहिलेल्या चार पानांपेक्षा डॉक्टरांच्या पाच ओळी आणि एक फोटो जास्त काम करतात.

त्याआधी एक साधा फोनही करून बघा. काही योजनांत ‘सक्ती’ म्हणून पत्र येतं, पण फोन करून ‘मला मेल ऑर्डर नको, नोंद करा’ म्हटलं की सुटका होते. पत्रात ते सगळ्यात बारीक अक्षरांत असतं. काही योजनांत ९० दिवसांचा साठा ठरावीक साखळी दुकानांच्या काउंटरवरूनही मेल ऑर्डरच्याच भावात घेता येतो. तसं असेल तर इन्सुलिन पायरीवर न पडता दुकानाच्या फ्रिजमधून थेट तुमच्या हातात येईल. भाई मिळणार नाहीत, पण उन्हाचा प्रश्न मिटेल. आणि अपवाद मिळेपर्यंत पार्सल घ्यावंच लागणार असेल, तर ते आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असं सांगा, घरी कुणी नसेल तर ऑफिसच्या पत्त्यावर मागवा, आणि घरात नेहमी दोनेक आठवड्यांचा जुना साठा शिल्लक असेल अशा बेताने पुढची ऑर्डर द्या. आपोआप रिफिलवर डोळे मिटून विसंबू नका. प्रिस्क्रिप्शनची मुदत संपली की ते गुपचूप थांबतं.

आता भाई. त्यांनी एकदा यजमानांच्या दोन औषधांची टक्कर वेळेत पकडली होती, हे तुम्ही कृतज्ञतेने लिहिलंय. ते जमलं कारण सगळी औषधं त्यांच्या नजरेखाली होती. पण तुमच्या औषधांवर भाईंचं घर चालतं, असं तुम्ही धरून चालला आहात. ते एकदा त्यांनाच विचारून बघा. पीबीएमकडून छोट्या दुकानाला एखाद्या औषधामागे मिळणारी रक्कम कधीकधी खरेदीपेक्षाही कमी असते. ब्रँडेड औषधं, इन्सुलिनही त्यात आलं, विकून हातात काही उरत नाही अशी ओरड या देशातले छोटे फार्मसीवाले सतत करतात. खरेदीपेक्षा कमी मिळणाऱ्या रकमेवरूनच तर रटलेज खटला झाला. भाई कदाचित मोकळेपणाने सांगतील, ‘बेन, ही गोळी तिकडूनच घ्या, फ्लूची लस माझ्याकडे टोचून घ्या.’ निष्ठेचा हिशोब आपण एकटीने बसून लावला की तो बहुतेकदा चुकतो.

थायरॉइडच्या आणि रक्तदाबाच्या जेनेरिक गोळ्यांचं भाईंना आणखी एक विचारा: ‘विमा बाजूला ठेवून रोख घेतल्या तर किती?’ कितीतरी जेनेरिक गोळ्या रोखीने कोपेपेक्षा स्वस्त पडतात. पूर्वी काही करारांत हे सांगायला फार्मासिस्टला बंदी असे. २०१८ च्या केंद्रीय कायद्यांनी ती उठवली. आता ते उघड सांगू शकतात. पण रोखीचे पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात आपण भरायची रक्कम) धरले जात नाहीत, आणि विम्यावर न गेलेलं औषध पीबीएमच्या तपासणीत दिसत नाही. औषधं अशी दोन-तीन ठिकाणी विभागली की ती टक्कर पकडणारं कुणीच उरत नाही. म्हणून दोघांच्या सगळ्या औषधांची एक यादी करा, त्यात पुण्याहून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्याही लिहा, आणि ती भाईंच्या नोंदीत घालायला सांगा, औषध कुठूनही येवो. मेल ऑर्डर फार्मसीलाही तीच यादी द्या.

तुमच्यासारखीच पत्रं पासष्टीच्या पुढच्या वाचकांकडूनही येतात, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. मेडिकेअर पार्ट डीमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या औषधांच्या भागात, गणित वेगळं आहे. तिथे योजनेच्या अटी मान्य करणाऱ्या कुठल्याही फार्मसीला जाळ्यात घ्यावं लागतं आणि ९० दिवसांचा साठा दुकानातूनही मिळायची सोय ठेवावी लागते. कोपे मात्र दुकानात जास्त पडू शकतो. इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. तेव्हा ‘मुलीच्या विम्यात सक्ती आहे म्हणजे आपल्यालाही असणार’ असं समजून कुणी आपली फार्मसी सोडू नका.

तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर राज्याकडे तक्रार आज करू नका, आणि गप्पही बसू नका. आधी कागद, मग इन्सुलिनपुरता अपवाद. शरद ऋतूत कंपनीचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाची विमा योजना निवडायची मुदत, येईल तेव्हा यजमानांना दुसरी एखादी योजना निवडता येते का, आणि तिच्यात औषधांचे नियम काय, तेही त्याच वेळी बघा. हप्त्याचा आकडा सगळे बघतात, औषधांचं पान कुणी उघडत नाही. कंपनीत तुमच्यासारखे आणखी चौघे-पाचजण सापडले, तर एचआरकडे एकत्र जाऊन ‘इन्सुलिन सक्तीतून वगळा’ असं सुचवता येईल. सेल्फ-फंडेड योजनेत हे कलम कंपनी स्वतः पुढच्या वर्षी बदलू शकते. यजमानांना नाव पुढे करायचं नसेल तर ते दुसऱ्या कुणी करावं, त्यात कमीपणा नाही.

राहिले पुण्याचे नातेवाईक. भारतात तेच इन्सुलिन खूप स्वस्त मिळतं, हे खरं. पण परदेशातून स्वतःसाठी औषध आणणं इथे बहुतांश वेळा बेकायदाच आहे. तीन महिन्यांपर्यंतच्या साठ्याकडे काही परिस्थितीत अधिकारी कानाडोळा करतात, पण ते त्यांच्या मर्जीवर. हक्क म्हणून मागता येत नाही. त्यात कुरिअरने आलेलं इन्सुलिन म्हणजे लाँग आयलंडच्या पायरीऐवजी विमानतळाच्या गोदामात तापलेलं इन्सुलिन. डिसेंबरात तुम्ही दोघं पुण्याला जाणार आहात, तर निघण्याच्या महिनाभर आधी पीबीएमला फोन करून ‘व्हेकेशन ओव्हरराइड’ मागा, म्हणजे प्रवासापुरता साठा आधीच मिळेल. पेनं हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको, आणि सोबत प्रिस्क्रिप्शनची प्रत असू द्या. आणि जाऊबाईंनी नंबर दिलेल्या त्या व्हॉट्सॲपवरच्या औषध-कुरिअरवाल्याला आगाऊ पैसे तर अजिबात पाठवू नका.